अर्धा तास

सावद्याला, फैजपूर रोडवर,
केळी पिकवायच्या तीन नंबरच्या चेंबरमध्ये
आमचा बँड आहे. म्हणजे त्यातली मी आहे.
बाकीचे तिघे फिनलंडात, जॉर्जियात, चिलीत.
चौघं कधी एका खोलीत बसलेलो नाही.

सुरुवात नोदारपासून. त्याच्या जुन्या कॅसिओची एक पट्टी
दाबली की वरच येईना. त्यानं विचारलं, कुणाला काही सुचतंय का.
मी लिहिलं, खाली मेणकापडाची घडी सरकव,
माझी तशीच चालते.
पट्टी वर आली. मग तो रोज काहीतरी विचारू लागला.
तिकडे किती वाजले, केळं सरळ का नसतं,
तुझ्याकडे एखादं गाणं आहे का,
अर्धवट असलं तरी चालेल.

अर्धवट पुष्कळ होती.

वेसानं त्यावर ताल धरला, बिस्किटाच्या डब्यावर,
ओउलूत शेजारी झोपलेले असतात म्हणून हातमोजे घालून.
हाविएरानं तिच्या भाषेतले शब्द घातले.
अर्थ विचारला तर म्हणाली, बस चुकलेल्या माणसाबद्दल आहे.
पुढची सगळी गाणीही
त्याच माणसाची निघाली.

नाव ठेवायच्या दिवशी घड्याळं शेजारी शेजारी मांडली.
त्यांच्या वेळा आपसात पुऱ्या तासांनी सरकतात,
माझीच अर्ध्यावर अडते.
तो अर्धा दर खेपेला कुणीतरी विसरतं
आणि मी रिकाम्या क्रेटवर बसून राहते, कानाला हेडफोन,
मांडीवर तापमानाचं रजिस्टर.
अठरा. अठरा. साडेसतरा.
तेच नाव ठेवलं. हाविएराला ‘अर्धा’ म्हणता येत नाही,
ती ‘आरदा’ म्हणते, आम्ही सुधारत नाही.

चेंबरच्या भिंतीत फोम भरलेला असतो.
माल नसेल त्या रात्री आत बसलं
तर रस्त्यावरचा ट्रकही ऐकू येत नाही.
अख्ख्या रावेर तालुक्यात असा स्टुडिओ नाही.
फक्त कॉम्प्रेसर. तो बंद करता येत नाही,
एक आणि दोनमध्ये केळी पिवळी होत असतात.
त्याचा एक सूर होता, पेटीवर शोधून सापडायचा नाही,
काळी दोन आणि तिच्या शेजारची पांढरी
यांच्या फटीत कुठेतरी.

पहिल्याच गाण्यात तो शिरला. मी माफी मागितली,
म्हटलं पुसून टाकते.
नोदार म्हणाला, राहू दे, आणि आपला कॅसिओ तिथं आणला.
हाविएरानं गिटारच्या खुंट्या सैल केल्या.
नोदारच्या आईचा पियानो लावायला आलेला म्हातारा
तासभर भांडला म्हणे, हा सूर आहे तरी कुठला?
नोदारनं सांगितलं, सावदा.

यंदा चैत्रात डिगंबरकाकांनी नवी मशीन बसवली.
जुनी भंगारवाल्यानं किलोवर नेली,
टेम्पोत चढवताना तिचा एक पाय निखळला.
मी तिघांना कळवलं.
वेसानं दोन दिवस काही लिहिलं नाही,
मग नुसता फोटो पाठवला, अंगणात अजून बर्फ,
त्यावर उपडा ठेवलेला बिस्किटाचा डबा.

काल काकांना ते पहिलं गाणं ऐकवलं.
हाविएरा गात होती, बस निघून गेलेली होती,
काका डोळे मिटून, मान एका अंगाला.
मला वाटलं, भिडलं.
संपल्यावर म्हणाले, “बेअरिंग गेलं व्हतं व पोरी ह्याचं.
तवाच ग्रीस द्याले पाह्यजे व्हतं.”
थोड्या वेळानं म्हणाले, “लाव बरं पुन्हा.”

आज दहाला भेटायचं ठरलंय.
साडेनऊच झालेत, म्हणजे या वेळी मीच विसरले.
नवी मशीन काही बोलत नाही.
मी कॅसिओ मांडीवर घेते,
काळी दोन आणि शेजारची पांढरी एकदम दाबून धरते.
दोघी भांडतात, थरथरतात.
बोटं काढत नाही.